कानसेनने झोपवलेली डिस्क

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडे. गाणं त्याला येत नव्हतं, वाद्य कधी हातात धरलं नव्हतं. पण जिन्यावरून कोण येतंय ते तो चपलांवरून सांगे, आणि नळ नीट बंद झालेला नाही हे त्याला दोन खोल्या पलीकडून कळे. कुणाच्या घरी गेला की बसायच्या आधीच म्हणे, "तुमच्या फ्रीजचं काही खरं नाही हं." पुढे तो फ्रीज खरंच बंद पडे, त्यामुळे लोक त्याला घरी बोलवायला जरा बिचकतच. बायकोचं म्हणणं निराळं होतं. पंख्याची कुरकुर यांना ऐकू येते, माझी येत नाही, असं ती चारचौघांत सांगे. सगळे हसत. तोही हसे, कारण त्यातसुद्धा आपल्या कानाचं कौतुकच आहे असं त्याला वाटे.

नोकरीही त्याला कानाजोगी मिळाली होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून पाठवणारी एक लहानशी संस्था होती. बाहेर कचेरी, आत रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना जाड करडं कापड, दाराला रबराची पट्टी, खिडकी कायमची बंद. एका टोकाला वाचणाऱ्याचं टेबल, त्यावर माइक आणि एक चिमुकला लाल दिवा. दुसऱ्या टोकाला कानसेन, त्याचा कॉम्प्युटर आणि त्याचे हेडफोन. वाचणारे सगळे हौसेने येणारे, बिनपगारी. परिच्छेद संपला, जीभ अडखळली किंवा पाणी प्यायचं झालं की कानसेन रेकॉर्डिंग थांबवी. पुन्हा सुरू केलं की लाल दिवा लागे. दिवा लागला की वाचायचं, एवढा एकच नियम.

पण दिवा लागला म्हणून लोक लगेच थोडेच वाचतात? औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते आधी घसा खाकरत, मग दिव्याकडे बघून मान डोलवत, आणि मग पुस्तकात कुठे होतो ते शोधत. एक वकीलबाई येत, त्या नेमक्या त्याच वेळी चष्मा पुसायला काढत. कानसेन मनातल्या मनात चरफडे आणि मागाहून त्या मोकळ्या जागा कापून टाके. या सगळ्यांत अपवाद एकच, मोठ्या बाई.

मोठ्या बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटून पुष्कळ काळ लोटला होता, पण 'मोठ्या बाई' हे नाव चिकटलं ते चिकटलं. घंटा झाली की वर्गात, या शिस्तीत जन्म गेलेला. दिवा लागायचा आणि त्यांचा पहिला शब्द यायचा, मधून कागदसुद्धा सरकला नसता. आवाज खणखणीत, उच्चार असे की स्वल्पविरामही ऐकू यावा. "बाईंनी वाचलेलं काही नवीन आहे का?" असे फोन कचेरीत येत. मुलगा-सून चांगली होती, काही कमी पडू देत नव्हती. पण घरात आता त्यांना कुणी काही विचारत नसे. इथे लोक त्यांची वाट बघत. वाचनाच्या दिवशी साडी जरा ठेवणीतली असे, आणि खोलीत शिरताना त्यांची पाठ ताठ होई.

त्या दिवसांत त्या एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. तीन भागांची. कापड रंगवण्याचा कारखाना चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. त्यांच्या श्रोत्यांत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेले एक काका होते. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. दुसरा भाग कधी, तिसरा कधी, म्हणून ते कचेरीला भंडावून सोडत.

आणि याच सुमारास कानसेनला डिस्क ऐकू येऊ लागली.

कॉम्प्युटरच्या पोटात एक डिस्क असते, भिंगरीसारखी फिरणारी. रेकॉर्ड केलेलं सगळं तिच्यावर साठतं. ती फिरताना बारीक घरघर करते. खोलीतल्या कुणालाही ती ऐकू येत नव्हती. फोन करणाऱ्या एकाही श्रोत्याने कधी तक्रार केली नव्हती. पण कानसेनच्या हेडफोनमध्ये, बाईंच्या दोन वाक्यांच्या मध्ये, ती येत होती, आणि एकदा ऐकू आल्यावर त्याला दुसरं काही ऐकू येईना. संस्था चालवणाऱ्या मॅडमनी साधा उपाय सुचवला: मशीन बाहेर बोळात ठेवू, लांब वायरी टाकू. कानसेनने हसून हात झटकला. असल्या सुतारकामाची गरजच काय? "एका ओळीचं काम आहे, मॅडम," तो म्हणाला. मॅडमना त्यातलं कळत नव्हतं, त्यामुळे त्यांना ते फार मोठं वाटलं, आणि त्यांना तसं वाटावं हेच त्याला हवं होतं.

एका ओळीचं काम होतं हे मात्र खरं. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून डिस्कच्या सवयी बदलता येतात, असा एक छोटासा प्रोग्राम असतो. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. नाव लिहायचं, पुढे एक खूण, पुढे आकडा, आणि एंटर. डिस्कने हळू बोलावं की मोठ्याने, काम नसलं की किती वेळाने फिरणं थांबवून झोपावं, सगळं त्या आकड्यांवर. कानसेनने विचार केला तो असा. बाई वाचत असतात तेव्हा त्यांचा आवाज आधी मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत गोळा होतो, आणि मधूनमधून एकदम डिस्कवर उतरतो. मग मधल्या वेळात तिने उगाच फिरायचं कशाला? त्याने झोपेसाठी लहानात लहान आकडा निवडला आणि एंटर दाबलं. थोड्याच वेळात पोटातून 'टक्' असा आवाज आला आणि घरघर थांबली. त्याने डोळे मिटून घेतले. अशी शांतता त्या खोलीत कधी नव्हती.

मशीन बंद करून सुरू केलं की असले बदल पुसले जातात. म्हणून त्याने तीच ओळ अशा जागी लिहून ठेवली, की रोज सकाळी मशीन उठलं की ती आपोआप चालावी. आणि मग तो ती विसरून गेला. त्या प्रोग्रामच्या माहितीत काय करताय ते नीट समजून घेऊन करा असं बजावलेलं होतं; पण असलं बजावणं इतरांसाठी असतं, अशी त्याची समजूत होती.

काही आठवड्यांनी टेलिफोनवाल्या काकांचा फोन आला. मॅडमनीच घेतला. काका फार अदबीने बोलत होते. पुस्तक छान चाललंय म्हणाले, दोघी बहिणींचं भांडण बाईंनी काय वाचलंय म्हणाले, आणि मग जरा थांबून म्हणाले की बाईंची तब्येत बरी आहे ना? मधूनच वाक्याचं पहिलं तोंड जातं. दोन-चार शब्द गिळल्यासारखे वाटतात. वय झालं की होतं, त्याचं काही नाही, फक्त काळजी वाटली म्हणून विचारलं.

कानसेनने रेकॉर्डिंग काढून तपासलं. काकांचं खरं होतं. सगळीकडे नाही, पण जिथे जिथे मध्ये बराच वेळ थांबलं होतं, तिथे पुढचा परिच्छेद लंगडा सुरू होत होता. त्याने औषधवाल्या गृहस्थांचं पुस्तक तपासलं; ते स्वच्छ. वकीलबाईंचं तपासलं, तेही स्वच्छ. मशीन तेच, माइक तोच, खोली तीच. मग दोष कुणाचा ते उघडच होतं, असं त्याने ठरवलं.

हे बाईंना हळूच, एकटं गाठून सांगता आलं असतं. पण कानसेनला पुराव्यानिशी बोलायची हौस. त्याने मॅडमना आत बोलावलं, बाईंच्या कानाला हेडफोन लावले आणि एकामागून एक तुकडे ऐकवले. बाई ऐकत राहिल्या. एकदा म्हणाल्या की हे वाक्य मी पूर्ण वाचल्यासारखं मला आठवतंय. त्यावर कानसेन, एखाद्या हट्टी मुलाशी बोलावं तसं, म्हणाला, "बाई, माणूस विसरतो. मशीन खोटं बोलत नाही."

बाईंनी हेडफोन उतरवले. त्यांची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. पुढच्या वेळी लक्ष ठेवीन, एवढंच म्हणाल्या. ज्यांच्यापुढे वर्गच्या वर्ग चिडीचूप बसायचे, त्या बाई त्या दिवशी मॅडमच्या नजरेला नजर न देता दाराकडे गेल्या. मॅडमना वाईट वाटलं. कानसेनलाही थोडं वाटलं, पण आपण कर्तव्य केलं या समाधानात ते बुडून गेलं.

पुढच्या वेळी बाईंनी खरंच लक्ष ठेवलं. शब्द निसटू नये म्हणून त्या दिव्यावर डोळा ठेवून, शर्यतीला उभं राहावं तशा बसू लागल्या, आणि दिवा लागतो न लागतो तोच वाचू लागल्या. जास्तच शब्द गेले. कानसेनने मान हलवली, तुकडे जपून ठेवले. असं दोन-तीनदा झाल्यावर बाईंनी निरोप पाठवला की घसा नीट नाही, सध्या जमणार नाही, पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं. तिसरा भाग अर्ध्यावर राहिला. मॅडमनी तो वकीलबाईंकडे सोपवला. काकांनी एकदा विचारलं, एकदा उसासा टाकला, आणि मग त्यांचे फोन कमी झाले.

हे सगळं असंच कानाआड होऊन गेलं असतं. पण एके दिवशी एका पुस्तकाच्या शेवटची घोषणा वाचायला कुणी नव्हतं. पुस्तक कोणतं, वाचन कुणाचं, एवढी दोन वाक्यं. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच वाचून टाका की. कानसेन खुशीत बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला, माइक जवळ ओढला, लांब वायरीच्या बटणाने रेकॉर्डिंग सुरू केलं. दिवा लागला आणि त्याने ताबडतोब वाचलं. इतरांच्या ढिलाईला नावं ठेवणारा माणूस; तो कशाला घसा खाकरतोय?

ऐकून बघितलं तर पहिले शब्द नव्हते.

त्याने पुन्हा ऐकलं. 'हे पुस्तक आपण' हे तीन शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले होते, त्यात शंकेला जागाच नव्हती, आणि ते नव्हते. क्षणभर त्याला वाटलं, आपलंही वय झालं की काय. मग त्याने टेबलाखाली वाकून मशीनच्या पेटीवर तळहात ठेवला. पेटी गप्प होती. दुसऱ्या हाताने रेकॉर्डिंग सुरू केलं. दिवा लागला. पेटी गप्पच. मग हाताखाली काहीतरी थरथरलं, आळोखेपिळोखे देत उठल्यासारखं, आणि ओळखीची घरघर सुरू झाली. तोवर एखाद्याचं अर्धं वाक्य म्हणून झालं असतं.

त्याला सगळं कळलं. बसल्या जागी, एकदम. नवा परिच्छेद सुरू करताना मशीनला आधी डिस्कवर त्याची जागा मांडावी लागे. डिस्क झोपलेली असली तर ती उठेपर्यंत मशीन नुसतं ताटकळे, आणि तेवढ्यात बोललेलं कुठेच गोळा होत नसे. जे घसा खाकरत होते, चष्मे पुसत होते, त्यांचं काही गेलं नाही. डिस्क उठेपर्यंत त्यांचा स्वतःचाच पत्ता नसायचा. गेलं ते फक्त तिचं, जी दिवा लागताच बोलायची. नियम पाळणारी खोलीत एकच बाई होती, आणि त्याने चूक तिच्या पदरात घातली होती.

कानसेनचे कान तापले. कुणी बघत नसतानाही तो बाईंच्या खुर्चीतून उठला. तिथे बसायची त्याला लाज वाटली.

काळा पडदा उघडून त्याने तीच ओळ पुन्हा लिहिली, फक्त झोपेच्या आकड्याच्या जागी शून्य घातलं, म्हणजे कधीच झोपायचं नाही. सकाळी आपोआप चालणारी ओळही खोडून टाकली. त्याला चहा प्यायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला. मग तो कचेरीत गेला आणि मॅडमना म्हणाला की मशीनमध्ये एक बारीक बिघाड होता, तो सापडला, काढला. बाईंचे शब्द कदाचित त्यामुळेही जात असतील.

'बिघाड होता' म्हणाला. 'कदाचित' म्हणाला. जीभ कशी सराईतपणे वळली याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मॅडमचा चेहरा उजळला. मग बाईंना लगेच कळवा, बोलवा त्यांना, असं त्या म्हणाल्या.

त्याने फोन केला तो सुनेने उचलला. सासूबाई हल्ली फोनवर येत नाहीत, ती म्हणाली. बोलता बोलता शब्द जातात असं त्यांना वाटतं. त्यांची थोरली बहीण होती ना, तिला शेवटी शेवटी कुणी ओळखू येत नव्हतं. तिचंही असंच सुरू झालं होतं म्हणे, वाक्याचं तोंडच सापडायचं नाही. तुमच्याकडे ते रेकॉर्डिंग ऐकल्यापासून त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. गॅसजवळ जात नाहीत. एकट्या रस्ता ओलांडत नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसत नाही. "त्या म्हणतात, मी माझ्या कानांनी ऐकलंय."

तो म्हणाला, मी येऊन जातो.

जायला त्याने मुद्दाम उशीर लावला, हेही खरं. आज वायर बदलायची आहे, उद्या पाहुणे आहेत, अशी त्याची चालढकल चालली. बायकोने शेवटी विचारलंच की काय झालंय, तुम्ही हल्ली फ्रीजबद्दलसुद्धा काही बोलत नाही. त्याने तिला सगळं सांगितलं. ती एरवी एक टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. या वेळी तिने मारला नाही, नुसतं "अरे देवा" म्हणून त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते त्याला टोमण्याहून जड गेलं.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. साडी घरातली, केस सैल. हातात पुस्तक नव्हतं. त्याला बघून त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग, वाक्य मनात नीट जुळवून घेतल्यासारखं थांबून, बसा म्हणाल्या. ते थांबणं आधी नव्हतं. ते आपण दिलेलं आहे हे त्याला कळलं, आणि येताना घोकून आणलेलं सगळं तो विसरला.

तो भडाभडा बोलत सुटला. डिस्क, आकडा, झोप, तात्पुरती आठवण. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. उत्तर पाठ करून आलेल्या मुलाला थांबवावं तसं.

"म्हणजे दिवा लागायचा, तेव्हा मशीन झोपलेलं असायचं?"

"हो."

"ते कुणी झोपवलं होतं?"

"मी."

"का?"

"त्याचा आवाज येत होता."

"कुणाला?"

कानसेनने खाली बघितलं. "मला," तो म्हणाला.

त्या चिडतील, रडतील, निदान सुटकेचा श्वास सोडतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांना एक गोष्ट कळत नव्हती आणि ती त्यांनी विचारली. मशीनने ऐकलं नाही, ठीक आहे, ते झोपलं होतं. पण तुम्ही तर जागे होतात. माझ्या समोर, कानाला हेडफोन लावून. मी वाक्य पुरं वाचलं ते तुम्हाला ऐकू येत होतं ना?

येत होतं. हेडफोनमध्ये माइकचा आवाज सरळ येतो, डिस्क झोपो की जागी राहो. प्रत्येक वाक्य, पहिल्या शब्दापासून, त्याच्या कानात पडलं होतं. हा प्रश्न त्याने स्वतःला इतक्या दिवसांत एकदाही विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर फार जवळ होतं.

"मी शब्द ऐकत नव्हतो, बाई," तो म्हणाला. "मी खरखर ऐकत होतो."

"कादंबरीत थोरल्या बहिणीचं काय होतं?"

त्याला माहीत नव्हतं. अडीच भाग त्याच्या कानातून गेले होते. थोरली कोण, धाकटी कोण, भांडण कशावरून, कारखाना बुडाला की तरला, त्याला काही म्हणजे काही सांगता येईना. कुठल्या पानावर बाहेर ट्रक गेला आणि कुठल्या पानावर बाईंची खुर्ची करकरली, हे तो सांगू शकला असता. त्या क्षणी त्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. सून चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली.

त्याने हात जोडले. बाई, परत या, एवढंच म्हणाला. बाई म्हणाल्या की तुमचं मशीन नीट झालं, बरं झालं. पण माझं मला आता कळत नाही. इतके दिवस मी बोलताना माझंच बोलणं तपासत बसले आहे. तपासत बसलं की चुका सापडतातच. खऱ्या कुठल्या आणि खोट्या कुठल्या, हे मी कुणाला विचारू?

तरी त्या आल्या. फक्त त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. पहिली अशी, की तुम्ही मला मॅडमसमोर ऐकवलं होतंत, तर हेही मॅडमसमोर सांगा, माझ्यादेखत. कानसेनने सांगितलं. बिघाड नव्हता, मी केलं होतं, असं म्हणाला. मॅडमनी सुताराला बोलावलं, भिंतीला भोक पाडून घेतलं, आणि मशीन बाहेर बोळात गेलं. डिस्क आता तिकडे हवी तेवढी घरघरते.

दुसरी गोष्ट त्यांनी खोलीत मागितली, माइकपुढे बसल्यावर. प्रत्येक परिच्छेद झाला की मी विचारीन, तो नीट आला का ते. नुसतं हो म्हणायचं नाही. मी काय वाचलं ते पहिल्या शब्दापासून सांगायचं.

वकीलबाईंनी तिसरा भाग बाईंना परत दिला आणि तो पुढे सुरू झाला. दिवा लागतो आणि बाई लगेच वाचत नाहीत. ओठ हलतात, पहिला शब्द त्या आधी मनात म्हणून घेतात, आणि मग वाचतात. परिच्छेद संपला की मान वर करून विचारतात, "आलं का?" रेकॉर्डिंग थांबवायच्या आधीच कानसेन सांगतो. थोरलीने कारखान्याची किल्ली परत मागितली, धाकटीने दिली नाही. नदीला पूर आला, रंगाची पिंपं वाहून गेली. तो पहिल्या शब्दापासून सांगतो, चुकला तर बाई दुरुस्त करतात, आणि मग पुढे जातात. काम फार सावकाश चालतं. मॅडमनी एकदाही घाई केलेली नाही.

टेलिफोनवाल्या काकांना तिसऱ्या भागाचा हा पुढचा तुकडा पोचला. त्यांचा लगेच फोन आला. बाई आता ठणठणीत दिसतात, ते म्हणाले, एक शब्द गेला नाही, आवाज अगदी पूर्वीसारखा. मॅडमनी तो फोन मुद्दाम कानसेनच्या हातात दिला होता. तो हो हो म्हणत राहिला.

कारण काकांना पोचतं ते तेवढंच. संध्याकाळी बाई गेल्यावर कानसेन रेकॉर्डिंग उघडून साफ करायला बसतो. परिच्छेद खणखणीत असतो, भिंतीवर आपटून परत यावा असा. आणि त्याच्या शेवटी, बारीक आवाजात, वर्गात उभ्या केलेल्या मुलीने विचारावं तसं, "आलं का?" असतं. त्यापुढे त्याचं स्वतःचं उत्तर असतं. हे दोन्ही श्रोत्यांपर्यंत जायला नको, म्हणून तो ते कापतो. पानामागून पान तो ते कापत जातो, आणि कुठून कुठवर कापायचं ते कळायला प्रत्येक वेळी ते आधी पुरतं ऐकावं लागतं.